सेंद्रिय भार

ओढामित्र मंडळाचे नियम तीन. ओढ्यावर येताना गमबूट घालायचे, उपटलेलं तण किंवा कसलाही कचरा पाण्यात टाकायचा नाही, आणि पाण्यातून जे तरंगत येतं त्याचं नाव घ्यायचं नाही. पहिले दोन नियम जो तो आपल्या सोयीने मोडायचा. तिसरा मात्र अध्यक्ष डोळ्यांत तेल घालून सांभाळायचे.

त्या वस्तूला मंडळात ‘सेंद्रिय भार’ म्हणत. हा शब्द अध्यक्षांनी कुठल्याशा अहवालातून उचलून आणला होता आणि आणल्या दिवसापासून ते तो नव्या कोटासारखा मिरवत होते. “यंदा ओढ्यावरचा सेंद्रिय भार वाढलेला दिसतो,” असं ते म्हणाले की ऐकणाऱ्याला वाटावं, कोणीतरी चांगल्या खताची गोणी काठावर विसरून गेलंय.

सिस्टरांना या शब्दाची शिसारी यायची. मूळ वस्तूची नाही, शब्दाची. चौतीस वर्षं त्यांनी इस्पितळात काढली होती. वॉर्डात सकाळची पहिली चौकशी ‘झोप लागली का’ ही नसते, ‘झाली का’ ही असते. आणि झाली असेल तर किती, कशी, कोणत्या रंगाची, हे चेहऱ्यावरची रेषही न हलवता कागदावर लिहायचं असतं. माणसाच्या पोटातून काय येतं याला सिस्टरांनी कधी नाक मुरडलं नाही. त्या नाक मुरडायच्या ते तोंडातून काय येतं त्याला. निवृत्तीनंतर घरात बसून करायचं काय म्हणून त्या मंडळात आल्या, आणि अक्षर चांगलं म्हणून चिटणीस झाल्या.

अध्यक्ष म्हणजे त्यांचे सख्खे धाकटे दीर. घर एकच, ओढ्याकडे पाठ करून उभं असलेलं. वरच्या मजल्यावर भाऊजी आणि जाऊ राहायचे, खाली सिस्टर एकट्या. त्यांचे यजमान जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि सासूबाईंना जाऊन बारा.

त्या शनिवारी पाचवीचा वर्ग ओढा बघायला आला होता. मुलांना न्यायचं कुठे हा प्रश्नच नव्हता. घराच्या मागच्या कुंपणालगत तीसेक पावलांचा एक पट्टा होता. तिथली कर्दळ आणि पाणकणीस पुरुषभर उंच वाढलं होतं, पानं इतकी गर्द की खालची जमीन दिसत नसे. तीच रोपं, त्याच दिवशी, त्याच हातांनी बाकीच्या काठावरही लावली होती. ती गुडघ्यापर्यंतसुद्धा पोचली नव्हती. खालच्या वळणावरची तर मुळापासून काळी पडून सडली होती. ओढून पाहिलं की हातात बुळबुळीत लगदा यायचा. म्हणून अध्यक्षांनी कुंपणालगतच्या या पट्ट्याला ‘आदर्श टप्पा’ असं नाव देऊन तशी पाटी ठोकली होती. पाहुणा आला की आदर्श टप्पा, फोटो काढायचा की आदर्श टप्पा.

“मुलांनो, झाडांची मुळं पाण्यातली घाण शोषून घेतात,” अध्यक्ष सांगत होते. “म्हणून तर ही झाडं अशी टवटवीत आहेत. आता सगळ्यांनी डोळे मिटा. खोल श्वास घ्या. सांगा बघू, कसला वास येतोय?”

चाळीस मुलांनी डोळे मिटले आणि नाकपुड्या फुगवल्या.

“मातीचा!” एक जण म्हणाला. “पानांचा!” दुसरा म्हणाला. कोणत्या प्रश्नाला मोठ्यांना कोणतं उत्तर हवं असतं, हे मुलांना पाचवीपर्यंत पक्कं कळलेलं असतं.

“गूचा!” चष्मा घातलेली एक मुलगी डोळे मिटूनच म्हणाली.

वर्ग खदाखदा हसला. शाळेच्या बाईंनी डोळे वटारले. अध्यक्षांचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं झालं.

“असं म्हणायचं नाही, बाळ. घाणेरडा शब्द आहे तो. त्याला सेंद्रिय भार म्हणतात. काय म्हणतात?”

“सेंद्रिय भार!” चाळीस गळे ओरडले.

“शाबास. आणि तो आपला नाही हं. तो पलीकडून येतो.”

मुलगी कानापर्यंत लाल झाली. तिने चष्मा काढून उगाच फ्रॉकला पुसला. सिस्टरांना वाटलं, पुढे व्हावं आणि सांगावं, तुझं नाक चांगलं आहे गं. पण त्या गप्प राहिल्या. वास त्यांनाही येत होता. रोजच येत होता. मात्र वास नाकाला आला तरी तो कुठून येतो हे माणूस डोक्याने ठरवतो, आणि सगळ्या मंडळाच्या डोक्याने कधीच ओढ्यापलीकडे बोट दाखवून ठेवलं होतं.

पलीकडच्या काठावर पत्र्याच्या आठ खोल्या एका ओळीत होत्या. ओळीच्या टोकाला दोन दारांचा सामायिक संडास. आठ खोल्यांत मिळून एकतीस माणसं राहायची. त्यांतलीच एक इस्त्रीवाली. सकाळभर दुसऱ्यांचे कपडे इस्त्री करायची आणि दुपारी मंडळाच्या कामाला यायची. मंडळात एकूण बावीस जण, पण रोप लावावं तर तिनेच. बोटाने चिखलात भोक पाडायची, मूळ न दुमडता सोडायची, टाचेने अलगद दाबायची. तिने लावलेलं रोप वाहून गेलं असं झालं नाही. बाकीचे एक रोप लावायचे आणि तीन वेळा हात निर्जंतुक करायचे. एक सभासद तर हातमोज्यांवर हातमोजे घालून यायचा आणि वरून नाकाला रुमाल लावून पानांना लांबूनच आशीर्वाद दिल्यासारखा उभा राहायचा. त्याचा फोटो मंडळाच्या पत्रकावर होता. इस्त्रीवालीचा कुठेच नव्हता.

पुढच्या शनिवारी पालिकेचे साहेब येणार होते. त्यांच्या हातात द्यायचं पत्र ठरवायला, मुलं परत गेली त्याच संध्याकाळी, भाऊजींच्या दिवाणखान्यात बैठक झाली. इस्त्रीवालीला बोलावलं नव्हतं. चहा झाला, बिस्किटं झाली, आणि भाऊजी येरझारा घालत सांगू लागले. सिस्टर लिहू लागल्या.

“पलीकडील वस्तीतील सामायिक शौचालयामुळे ओढ्यावर असह्य सेंद्रिय भार पडत असून, लागवड केलेली रोपे नष्ट होत आहेत. तरी सदर शौचालय त्वरित बंद करण्यात यावे.”

‘बंद’ या शब्दाशी सिस्टरांचं पेन थांबलं.

“भाऊजी, बंद केल्यावर ती माणसं जाणार कुठे?”

“ते पालिका बघेल, वहिनी. आपण फक्त निदर्शनास आणून द्यायचं.”

“एकतीस माणसं आहेत.”

“म्हणूनच तर भार आहे ना!” भाऊजी म्हणाले, आणि स्वतःच्या कोटीवर स्वतःच हसले. बाकीचे बिस्किटांकडे बघत राहिले. अशा वेळी माणसांना बिस्किटात फार रस वाटू लागतो.

सिस्टरांनी वाक्य पुरं केलं. खाली चिटणीस म्हणून सही केली. मग उठून हात धुतले.

मंडळात एक निवृत्त प्लंबर होते. त्यांना सगळे नळवाले म्हणत. बोलायचे कमी, पण बोलले की अडचणीचं बोलायचे. “पत्र देताय तर पुरावा नको का?” ते म्हणाले. “माझ्याकडे हिरवा रंग आहे. संडासात टाकायचा, वर चार बादल्या पाणी. ओढ्यात हिरवं दिसलं तर तुमचं खरं.”

सोमवारी तो प्रयोग झाला. नळवाले आणि इस्त्रीवालीने पलीकडच्या दोन्ही संडासांत रंग टाकला, पाणी ओतलं. अलीकडच्या काठावर मंडळ नाकाला रुमाल लावून उभं राहिलं. एक तास गेला, दोन गेले. ओढा होता तसाच राखाडी. मंगळवारी सकाळी पूल ओलांडून पलीकडूनही पाहिलं. हिरव्याचा टिपूस नाही.

“त्यांची टाकी पक्की आहे,” नळवाले म्हणाले. “वेळच्या वेळी उपसतात.”

“झिरपत असेल,” अध्यक्ष म्हणाले.

“झिरपलं तरी रंग दिसतो.”

“मग रंग जुना असेल तुमचा.”

नळवाल्यांनी डबीचं झाकण लावलं, ती सिस्टरांच्या हातात दिली आणि चालू लागले. पत्र तसंच राहिलं. साहेबांशी बोलणं झालं होतं, कार्यक्रम छापून झाला होता. आता एका डबीभर रंगासाठी कोण मागे फिरणार?

सिस्टर डबी घेऊन लाकडी पुलावरून परत निघाल्या तेव्हा इस्त्रीवालीने त्यांना गाठलं. पत्राचं तिला माहीत नव्हतं. पण वीसेक जण रुमाल लावून आपल्या संडासाकडे बघत उभे राहिले की माणसाला कळायचं ते कळतं.

“सिस्टर, आमच्याकडे रंग टाकलात ते बरंच झालं. आमचं आम्हालाही कळलं.” ती जरा थांबली. “तुमच्या बाजूला कोणाकोणाच्या घरी टाकलात?”

“आमच्या बाजूला?”

“हो. म्हणजे तुमच्याकडे वगैरे.”

सिस्टरांच्या डोक्यात तिडीक गेली. “आमच्याकडे गटाराची लाइन आहे, बाई. रस्त्याला. पक्की.”

“असेल की. मी नाही कुठे म्हणते?” इस्त्रीवाली म्हणाली. “पण मग टाकून बघायला काय जातंय?”

घरी येईपर्यंत सिस्टर धुमसत होत्या. हिच्या मनात आलंच कसं? ज्या घरात सकाळ-संध्याकाळ फिनेल पडतं, ज्या घरातली बाई आयुष्यभर दुसऱ्यांची घाण काढत आली, त्या घरावर संशय! दाखवतेच तिला, असं म्हणत त्यांनी चपलाही न काढता संडासाचं दार उघडलं, भांड्यात दोन चमचे रंग टाकला आणि टाकीची साखळी ओढली. मग मागच्या दाराने बाहेर पडून आदर्श टप्प्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या. सवयीने डाव्या मनगटावर बोटं ठेवली आणि घड्याळाकडे बघत स्वतःची नाडी मोजू लागल्या. ब्याऐंशी.

दीड मिनिटाने पाणकणसाच्या बुंध्यातून हिरवं पाणी आलं.

मुलांच्या रंगपेटीत असतो तसा पोपटी रंग. आधी धागा, मग पट्टा, मग कर्दळीच्या मुळांभोवती एक पसरट डबकं. सिस्टर वाकल्या, पानं दोन्ही हातांनी बाजूला सारली. आत मातीत रुतलेलं पाइपाचं तोंड होतं, काळं, शेवाळलेलं. आणि त्याच्या खाली, मुळांच्या जाळीत अडकून राहिलेलं, थरावर थर बसलेलं, वर्षानुवर्षांचं. त्याच्यावर ती झाडं पोसली होती. त्याच्यावर वाकून चाळीस मुलांनी खोल श्वास घेतला होता. त्या पाटीखाली, आदर्श म्हणून.

चौतीस वर्षांच्या नोकरीत सिस्टरांना कधी ओकारी आली नव्हती. जळालेल्या अंगाची ड्रेसिंगं केली तेव्हा नाही, किड्यांनी भरलेली जखम धुतली तेव्हा नाही. आता त्या कर्दळीचा दांडा धरून तिथेच ओकल्या.

तोंड पुसताना त्यांना सगळं आठवलं. अगदी उन्हाचा कवडसा कुठे पडला होता इथपर्यंत आठवलं. चौदा वर्षांपूर्वी सासूबाईंना इस्पितळातून घरी आणायचं होतं. त्यांना जिना चढता येणार नव्हता आणि संडास फक्त वर होता. रोज तीनदा बेडपॅन घेऊन जिना चढून-उतरून सिस्टरांची कंबर गेली असती. “खाली संडास बांधा, नाहीतर माझ्याने होणार नाही,” असं त्याच म्हणाल्या होत्या. मिस्त्री आला. त्याने जागा पाहिली आणि डोकं खाजवलं. गटाराची लाइन रस्त्याच्या बाजूला, मधल्या तिन्ही खोल्यांची फरशी फोडावी लागेल, पंधरा दिवस लागतील, म्हणाला. सासूबाई परवा येणार होत्या. “ताई, तूर्तास गच्चीच्या पावसाच्या पाइपात सोडून देऊ का? नंतर सावकाश बदलू.”

भाऊजी घरात नव्हते. यजमान कामावर होते. सिस्टरांनीच हातातली औषधांची यादी चाळत सांगितलं होतं, “सोडा तूर्तास.”

सासूबाई दोन वर्षांनी गेल्या. मग यजमान गेले. तूर्तास मात्र चौदा वर्षं टिकलं. आणि आता त्या संडासात दुसरं कोणीच जात नव्हतं. पाण्यात जे होतं ते मंडळाचं नव्हतं, वस्तीचं नव्हतं, घराचंही नव्हतं. ते एकट्या सिस्टरांचं होतं. त्यांना स्वतःच्या अंगाची किळस आली. त्यांनी तीनदा आंघोळ केली आणि तिन्ही वेळा सांडपाणी कुठे जातंय याचाच विचार केला.

संध्याकाळी त्या जिना चढून वर गेल्या. भाऊजी शनिवारच्या भाषणाला रेघा मारत बसले होते. जाऊ भाजी निवडत होती. सिस्टरांनी एकही शब्द न गाळता सगळं सांगितलं.

भाऊजींनी भाषणाचा कागद उलटा घातला. मग उठून त्यांनी खिडकी लावली, जणू वास आत्ता यायला लागला होता.

“कोणाला बोललात?”

“तुम्हालाच पहिल्यांदा.”

“बरं केलंत. हे बघा वहिनी, झालं ते झालं. शनिवार पार पडू द्या. मग आपण गुपचूप माणूस लावू, फरशी फोडू, पाइप बदलू. कोणाला कळायचंही नाही.”

“आणि पत्र?”

“पत्राचं काय?”

“ते खोटं आहे, भाऊजी. तुम्हाला आता माहीत आहे की ते खोटं आहे.”

“असं एकदम खोटं कसं म्हणता? एकतीस माणसांचं काहीतरी येतच असणार की ओढ्यात. आज ना उद्या येईलच.” त्यांनी आवाज खाली आणला. “साहेबांना मी शब्द दिलाय. मंडळाचं नाव जाईल. दहा वर्षं घासलीत मी या ओढ्यासाठी.”

भाऊजींनी दहा वर्षं काय घासलं होतं हे सिस्टरांना चांगलं ठाऊक होतं. ओढ्यातल्या चिखलाचा डाग त्यांच्या पायजम्याला कधी लागला नव्हता.

“मी सांगणार,” त्या म्हणाल्या.

तसा भाऊजींचा चेहरा बदलला. “सांगा ना. काय सांगाल? संडास तुम्ही मागितलात. मिस्त्रीला तुम्ही सांगितलंत. वापरता तुम्ही. आमचा वरचा तर गटाराला आहे. म्हणजे वहिनी, जे काही आहे ते तुमचंच की!”

हे खरंच होतं. म्हणून तर तोंडात मारल्यासारखं झालं. सिस्टरांनी जावेकडे पाहिलं. ती भाजीच्या देठांकडे बघत होती. वीस वर्षांत तिने नवऱ्यापुढे कधी तोंड उघडलं नव्हतं, आताही उघडलं नाही. सिस्टर उठल्या आणि खाली आल्या. मागून दार लागल्याचा आवाज आला.

मधले दिवस त्यांनी तो संडास वापरला नाही. सकाळी वाचनालयात जाऊन बसायच्या, पेपर वाचायच्या निमित्ताने तिथलाच वापरायच्या. त्याचीही त्यांना लाज वाटली. चोरून बिडी ओढणाऱ्यासारखं वाटायचं.

शुक्रवारी दुपारी जाऊ कपडे वाळत घालायला खाली आली. सिस्टर दोरीपाशी गेल्या आणि म्हणाल्या, “उद्या मी बाहेरून हाक मारीन. तेव्हा माझ्या संडासात जाऊन साखळी ओढशील? रंग टाकून ठेवलेला असेल.”

जाऊ चिमटा हातात धरून उभी राहिली. “ताई, हे मला घराबाहेर काढतील.”

“तू नाही ओढलीस तर मी समजेन.”

जाऊने कपडा दोरीवर टाकला आणि चिमटा लावला.

शनिवारी कुंपणापाशी सतरंजी घातली होती. साहेब आले होते. पांढरे बूट घालून ओढ्यावर येण्याची अक्कल फक्त साहेबांनाच सुचू शकते. पाचवीचा वर्ग पुन्हा आला होता, रोपं वाटायला. एका बाजूला इस्त्रीवाली चिखलाच्या हातांनी उभी होती, तिच्या मागे पलीकडच्या खोल्यांतली पाच-सात माणसं. आपलाच संडास बंद करायला हा समारंभ आहे हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. अध्यक्षांचं भाषण झालं. त्यात सेंद्रिय भार अकरा वेळा आला; सिस्टरांनी मोजलं. मग अध्यक्षांनी पत्र साहेबांच्या हातात ठेवलं. टाळ्या पडल्या.

“साहेब, जरा द्या इकडे,” सिस्टर उठून म्हणाल्या. “अक्षर माझं आहे, मी वाचून दाखवते.”

अध्यक्षांनी हात पुढे केला, पण तोवर साहेबांनी पत्र दिलंही होतं. सिस्टरांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. असह्य सेंद्रिय भार. सदर शौचालय त्वरित बंद करण्यात यावे. इस्त्रीवालीने मान वर केली. तिच्या मागच्या माणसांत कुजबुज झाली आणि थांबली.

सिस्टर मुलांकडे वळल्या. चष्मेवाली दुसऱ्या रांगेत होती.

“तू. ये पुढे. मागच्या वेळी इथे कसला वास येत होता गं?”

मुलीने बाईंकडे पाहिलं. अध्यक्षांकडे पाहिलं. मग शहाण्या मुलीसारखे हात मागे बांधून म्हणाली, “सेंद्रिय भाराचा.”

सिस्टरांनी पत्राची घडी घालून ती कमरेला खोचली. आठ दिवस. नुसत्या आठ दिवसांत आपण या पोरीचं नाक कापून ठेवलं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “तू म्हणालीस ते बरोबर होतं. गूचा.” मग घराकडे तोंड करून त्यांनी हाक मारली, “अगं, ओढ!”

काहीच झालं नाही. कोणीतरी खोकलं. अध्यक्ष म्हणाले, “वहिनींची तब्येत जरा...” आणि तेवढ्यात घरातून टाकी रिकामी होण्याचा घळघळ आवाज आला. अध्यक्ष वाक्य विसरून घराकडे बघत राहिले.

सिस्टरांनी गमबूट चिखलात रोवले आणि कर्दळीची पानं दोन्ही हातांनी फाकवून धरली. सगळे वाकून बघू लागले. दीड मिनिट फार लांब असतं. मग पोपटी पाणी आलं, पाटीच्या खालून, भसाभसा.

“शी!” चाळीस मुलं एकदम म्हणाली. या वेळी बाईंनी डोळे वटारले नाहीत.

“हा गू माझा आहे,” सिस्टर म्हणाल्या. “एकटीचा. चौदा वर्षांचा. पाइप मीच सोडायला सांगितला होता. त्यांच्या संडासातून थेंब येत नाही, तपासलंय. पत्र मीच लिहिलं, सहीपण माझीच आहे.”

त्यांनी पत्राचे चार तुकडे केले. पाण्यात टाकले नाहीत, तसा नियम होता. गमबुटात कोंबले. साहेब पांढऱ्या बुटांनी दोन पावलं मागे सरकले आणि मागच्या एका सभासदाच्या पायावर उभे राहिले. नळवाले एकटेच चिखलात उतरले आणि पाइपाच्या तोंडाशी उकिडवे बसून बघू लागले.

दुपारी पालिकेचा माणूस येऊन खालच्या संडासाला कुलूप लावून गेला. नवी लाइन जोडेपर्यंत उघडायचं नाही, आणि जोडायला पंधरा दिवस. भाऊजींनी जिन्याच्या दाराला आतून कडी घातली. दाराआडून एकच वाक्य बोलले: “वर यायचं नाही.” जावेचा आवाज आला नाही. थोड्या वेळाने तिने दाराखालून कागदाचा एक चिटोरा सरकवला. त्यावर एवढंच होतं, ‘मी ओढली.’

रविवारी वाचनालय बंद असतं.

सकाळी सहाला सिस्टर बादली घेऊन लाकडी पूल ओलांडून गेल्या आणि रांगेत उभ्या राहिल्या. नंबर सातवा. कोणी त्यांच्याशी बोललं नाही. समोरच्या एका म्हातारीने त्यांच्याकडे पाहून पदर नाकाला लावला, आणि सिस्टरांना ते बरोबरच वाटलं. ओढ्यापलीकडे वरच्या मजल्याच्या खिडकीत भाऊजी चहाचा कप घेऊन उभे होते. त्यांनी खिडकी लावून घेतली.

इस्त्रीवाली आतून बाहेर आली. हात धुता धुता तिने सिस्टरांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

“असह्य असं लिहिलं होतंत ना?”

“हो.”

“मग जाऊन या. मग सांगा.”

सिस्टर आत गेल्या. फरशी घासून पांढरी पडली होती. कोपऱ्यात मग पालथा घातलेला. वास होता तो फिनेलचा. भिंतीवर खिळ्याला पुठ्ठा अडकवला होता; त्यावर खडूने आठ खोल्यांचे आकडे आणि वार लिहिले होते, ज्याची पाळी त्याच्यापुढे खूण.

बाहेर येऊन त्यांनी आणखी एक बादली पाणी आत ओतलं. इस्त्रीवाली अजून नळाशी उभी होती.

“माझी पाळी कधी लावतेस?” सिस्टरांनी विचारलं.

इस्त्रीवालीने हात पुसले, आत जाऊन पुठ्ठा काढून आणला आणि आठच्या खाली खडूने एक आकडा लिहिला.

“मंगळवारी,” ती म्हणाली. “ब्रश आपला आणायचा.”